हातयंत्रे आणि कामगाराचे हात

माणसाच्या श्रमाचा भार हलका व्हावा म्हणून यंत्रे आली, असे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. ते बहुतांशी खरेही आहे. भिंतीत वायरिंगची खाच पाडायला छिन्नी-हातोड्याने जिथे अर्धा दिवस जात असे तिथे आज कटरने अर्ध्या तासात काम उरकते. परंतु भार हलका झाला म्हणजे तो नाहीसा झाला असे नव्हे. पूर्वी जो भार पाठीवर आणि दंडावर पडत होता तो आता बोटांत, मनगटात आणि कोपरात उतरला आहे. हा नवा भार डोळ्यांना दिसत नाही. तो अंगावर जखम करीत नाही, रक्त काढीत नाही. म्हणूनच त्याची तक्रार कोणी करीत नाही आणि केली तरी ऐकून घेणारा मिळत नाही. प्रस्तुत लेखात या भाराची माहिती समाजबांधवांपुढे ठेवण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आपल्या वस्तीतील पंचवीस-तीस वर्षे वयाच्या तरुणांची कामे कोणती, याची मनातल्या मनात मोजदाद करून पाहावी. वर्धा शहर असो, हिंगणघाट असो, देवळी, पुलगाव किंवा आर्वी असो, उत्तर साधारणपणे सारखेच येईल. कोणी फरशी बसवतो, त्याच्या हातात मार्बल कटर. कोणी ग्रील-शटरच्या दुकानात वेल्डरचा हेल्पर, त्याच्या हातात ग्राइंडर. कोणी नळफिटिंगचे, कोणी लाइटफिटिंगचे काम करतो, त्याच्याकडे ड्रिल मशीन. जुने स्लॅब आणि सिमेंटचे रस्ते फोडणाऱ्याकडे ब्रेकर, ज्याला साइटवर सर्रास ‘हिल्टी’ म्हणतात. शेतावर जावे तर विळ्याच्या जागी पेट्रोलवर चालणारे गवत कापायचे यंत्र गळ्यात अडकवलेला मजूर दिसतो. बी.ए. झालेली मुलेही यात आहेत. नोकरी नाही म्हणून त्यांनी हप्त्यावर मशीन घेतली आणि स्वतःच्या पायावर उभी राहिली, याचा आम्हाला अभिमानच आहे. प्रश्न असा आहे की ज्या हातांच्या भरवशावर हा हप्ता फिटायचा आहे ते हात किती वर्षे टिकणार?

हा विषय बुद्ध विहाराच्या स्मरणिकेत कशाला, असे कोणाला वाटू शकेल. त्यांनी १९३८ साल आठवावे. त्या वर्षी १२ व १३ फेब्रुवारीला मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत, हे त्यांचे विधान याच परिषदेतले. ते आपल्याकडे वारंवार उद्धृत होते. परंतु त्याच भाषणात त्यांनी अगदी साध्या, रोजच्या गोष्टीही सांगितल्या होत्या, त्या मात्र फारशा सांगितल्या जात नाहीत. रेल्वेत अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो, त्याला वरची जागा मिळत नाही, कापड गिरण्यांत विणखात्याचे दार त्याला बंद असते, असे ते म्हणाले. म्हणजे कोणत्या जातीच्या हातात कोणते हत्यार द्यायचे हे आधीच ठरलेले होते. चांगल्या मजुरीचा माग एकाच्या हातात आणि खडी ठोकायचा बीटर दुसऱ्याच्या.

वर्धा हे मुंबई-हावडा मार्गावरचे मोठे जंक्शन. जवळच सेवाग्रामहून बल्लारशाकडे दक्षिणेची लाइन फुटते. या लाइनींवर आपल्या कित्येक घरांतील आजोबा-पणजोबांनी गँगमध्ये आयुष्य काढले. स्लीपरखाली खडी घट्ट बसवण्यासाठी ते बीटर मारीत. आता त्या पदाला ट्रॅक मेंटेनर म्हणतात, मोठे काम रुळांवर चालणारी अजस्र यंत्रे करतात, आणि जिथे ती यंत्रे पोहोचत नाहीत तिथे हातात धरून चालवायचा टॅम्पर येतो. बीटर मारताना खांदे दुखत, घाम गळे. पण दोन ठोक्यांच्या मध्ये हाताला क्षणभर विसावा मिळे. टॅम्परमध्ये तो विसावा नाही. हाताच्या कामात आणि हातयंत्राच्या कामात जो मूळ फरक आहे तो इथेच आहे.

चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १८० हून अधिक. चकती थोडी जरी झिजलेली, तुटलेली किंवा तिरपी बसलेली असली तर प्रत्येक फेऱ्याला एक हिसका मुठीत शिरतो. ब्रेकर मिनिटाला हजार ते दोन हजार ठोके मारतो. त्याचे वजन दहा-पंधरा किलो असते, आणि प्रत्येक ठोक्याचा जितका जोर काँक्रीटवर जातो त्यातला काही भाग उलटून हातात येतो. या थरथरीला कंप म्हणतात. जलद कंप बोटांतच जिरतो. संथ, जोरकस कंप मनगट, कोपर आणि खांद्यापर्यंत चढतो. म्हणून ग्राइंडरवाल्याची बोटे आधी बिघडतात आणि ब्रेकरवाल्याचे कोपर.

बोटांच्या टोकांशी रक्ताच्या अतिशय बारीक नळ्या आणि मज्जातंतूंची टोके असतात. रोज तासन् तास हिसके बसल्याने या नळ्या आकसू लागतात आणि मज्जातंतू हळूहळू निकामी होतात. सुरुवात मुंग्यांपासून होते. काम संपल्यावर हात झिणझिणतो, पाच-दहा मिनिटांत बरा होतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. पुढे रात्री झोपेत हाताला मुंग्या येऊन जाग येते, माणूस उठून हात झटकतो. हे नवऱ्यापेक्षा बायकोच्या आधी लक्षात येते, असा आमचा अनुभव आहे. त्यानंतर बोटांची जाण कमी होते. शर्टाचे बटण लावता येत नाही, जमिनीवर पडलेले नाणे उचलता येत नाही, खिळा हातातून सुटतो. थंडीत एखादे बोट टोकापासून पांढरेफटक पडते, जणू त्यात रक्तच नाही, आणि ऊब मिळाल्यावर ठणकत लाल होते. मुठीचा जोर कमी होतो. सुरुवातीलाच काम थांबवले किंवा कमी केले तर हे बरेचसे मागे फिरू शकते. जाण गेली की मात्र ती पूर्णपणे परत येण्याची आशा थोडी.

हा रोग नवीन नाही. इटलीत १९११ साली दाबलेल्या हवेवर चालणारी हत्यारे वापरणाऱ्या खाणकामगारांच्या बाबतीत त्याची नोंद झाली. १९१८ साली अमेरिकेत इंडियाना राज्यातील बेडफर्ड गावी, जिथे चुनखडीचा दगड निघतो, डॉ. अॅलिस हॅमिल्टन या विदुषीने दगड घडवणाऱ्या कामगारांचे हात तपासले. छिन्नी धरणारा डावा हात अधिक पांढरा पडतो, हे त्यांनी नोंदवून ठेवले. याला आता शंभरावर वर्षे झाली. जपानमध्ये जंगलतोड करणाऱ्या कामगारांत साखळी करवतीमुळे हा रोग इतका पसरला की दिवसाला दोन तासांवर करवत चालवू नये असे बंधन आले. इंग्लंडमध्ये १९८५ साली त्याला भरपाईयोग्य व्यावसायिक रोगांच्या यादीत जागा मिळाली, आणि १९९८ साली तेथील कोळसा खाणीतील कामगारांनी अपील न्यायालयात दावा जिंकल्यानंतर त्यांच्यासाठी भरपाईची योजना सुरू झाली. ही सर्व गोरी आणि जपानी बोटे. त्यांच्या मागे संघटना होत्या, वकील होते, डॉक्टर होते.

आणि आमचा वर्धा जिल्हा? हात आणि यंत्र यांच्यातील नात्यावर या जिल्ह्याइतकी चर्चा देशात क्वचितच कुठे झाली असेल. १९३४ साली मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. चरखा, घाणी, हातकागद यांवर इथे पुस्तकेच्या पुस्तके निघाली. पण त्याच मगनवाडीपासून हाकेच्या अंतरावर ग्राइंडर धरून बसलेल्या पोराच्या मनगटाविषयी कोणी दोन पाने लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. ही टीका नव्हे. विषय राहून गेला, एवढेच.

आपल्याकडे हा रोग ओळखला न जाण्याचे आणखी एक कारण हवामान आहे. पांढरी बोटे ही त्याची प्रसिद्ध खूण, आणि ती थंडीत दिसते. वर्ध्याच्या ४५ अंशांच्या उन्हात कोणाचे बोट पांढरे पडणार? उष्ण देशांत या कामगारांत मुंग्या आणि बधिरपणा हीच लक्षणे प्रामुख्याने आढळतात. मग डॉक्टर मधुमेह तपासतो, मानेचा मणका तपासतो, ताकदीच्या गोळ्या देतो. यात डॉक्टरांचा दोष नाही. मधुमेहानेही बोटे बधिर होतात. पण “तुम्ही काम काय करता, कोणती मशीन चालवता, दिवसातून किती वेळ?” हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय निदान पुरे होत नाही. विचारले गेले नाहीत तर रुग्णाने स्वतःहून सांगावे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे रुग्णालय ही दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये जिल्ह्यात असताना आपण केवळ मेडिकलमधून गोळी घेऊन परतावे, हे बरे नव्हे.

आम्ही बँकेत काउंटरवर बसतो. त्यामुळे माणसांचे चेहरे कमी आणि हात जास्त पाहण्यात येतात. मजुरांच्या अंगठ्याचा ठसा यंत्र घेत नाही, ही नित्याची तक्रार आहे. बिचारा अंगठा चार-चार वेळा पुसून लावतो. तो परिणाम सिमेंटचा आणि घासण्याचा, कंपाचा नव्हे, आणि त्यावर डोळ्याच्या बुबुळाची ओळख हा उपाय तरी आहे. पण सही न जुळणे हा प्रकार वेगळा. खाते उघडताना विशी-बाविशीत ठसठशीत सही केलेला तरुण दहा-बारा वर्षांनी विड्रॉवल स्लिपवर वाकडीतिकडी, थरथरती सही करतो. त्याला दुसरी, तिसरी स्लिप द्यावी लागते. मागे रांगेत लोक हसतात. सही बिघडण्याची कारणे अनेक असू शकतात. तरी अशा किती जणांना आम्ही सहज “काम काय करता?” म्हणून विचारले तर कटर, ग्राइंडर, ब्रेकर हीच उत्तरे आली. ज्या समाजाने पाटीवरचे पहिले अक्षर इतक्या उशिरा आणि इतक्या कष्टाने मिळवले त्या समाजाच्या मुलाची सही त्याच्या हातून निसटत जावी, ही गोष्ट आम्हाला साधी वाटत नाही.

आता हिशेबाकडे वळू, कारण हिशेब हाच आमचा धंदा आहे. कंपाचा जोर ‘मीटर प्रति वर्ग सेकंद’ या मापात मोजतात. युरोपातील देशांनी २००२ च्या निर्देशानुसार अशी मर्यादा घातली आहे की आठ तासांच्या दिवसाचा सरासरी कंप ५ च्या वर जाता कामा नये, आणि अडीचपासूनच मालकाने तो कमी करण्याचे उपाय सुरू करावेत. हे हात बँकेतल्या खात्यासारखे समजावे. रोज त्यातून ठराविकच रक्कम काढता येते. ५ जोराचे यंत्र असेल तर ती रक्कम आठ तास पुरते. १० जोराचे असेल तर चार तास पुरेल असे कोणालाही वाटेल, पण तसे नाही. जोर दुप्पट झाला की वेळ निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणजे १० जोराचे यंत्र फक्त दोन तास. १५ जोराचे यंत्र, आणि कितीतरी ब्रेकर त्या घरात असतात, जेमतेम ५३ मिनिटे. त्यापुढचा प्रत्येक मिनिट हे उचल घेतलेले कर्ज आहे. यात एक दिलासा असा की वेळ मोजायचा तो बटण दाबलेले असतानाचाच. मशीन खाली ठेवून माप घेण्याचा, चहा पिण्याचा वेळ त्यात धरायचा नाही.

आपल्या यंत्राचा जोर किती हे कसे कळावे? चांगल्या कंपनीच्या मशीनबरोबर जी पुस्तिका येते तिच्यात कंपाचा आकडा छापलेला असतो. आपण ती पुस्तिका खोक्याबरोबर फेकून देतो. आयटीआय झालेल्या मुलाला ती सहज वाचता येईल. मात्र छापलेला आकडा नव्या मशीनचा आणि धारदार पात्याचा असतो. बोथट छिन्नी, झिजलेले बेअरिंग, तुटका दांडा यांनी तो वाढतो.

मशीन धरायची कशी, हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. नवशिका माणूस भीतीने ती आवळून धरतो आणि काम लवकर व्हावे म्हणून अंगाचा भार टाकतो. मूठ जितकी घट्ट तितका कंप हातात जास्त शिरतो. तथागतांच्या सोण कोळिविस या शिष्याची कथा आपल्याला माहीत आहे. अतिश्रमाने चंक्रमण करता करता त्याच्या कोवळ्या पायांतून रक्त आले. तेव्हा बुद्धांनी त्याला विचारले की वीणेच्या तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर ती वाजते काय? ग्राइंडरला हे तंतोतंत लागू पडते. सैल धरणे धोक्याचे, कारण चकती अडकली की मशीन उसळते. पण ताबा राहील इतकेच धरावे, त्याहून जास्त नाही. वजन यंत्राचे यंत्राला पेलू द्यावे. दर दहा-पंधरा मिनिटांनी हात बदलावा, म्हणजे दोघांनी आळीपाळीने काम करावे. थंडीच्या सकाळी हात ऊबदार करूनच सुरुवात करावी. साधे हातमोजे कंप अडवीत नाहीत, पण ऊब राखतात. आणि खर्रा! तंबाखूने रक्ताच्या नळ्या आकसतात, कंपानेही आकसतात. एका गालात खर्रा आणि हातात ग्राइंडर म्हणजे बोटांवर दोन्हीकडून मार. हे सांगितले की पोट्टे हसतात, पण त्यांना सांगत राहिले पाहिजे.

छताला ड्रिल मारणाऱ्याचा खांदा आणि मान, उकिडवे बसून फरशी कापणाऱ्याची कंबर आणि गुडघे, यांवर स्वतंत्र लेख लागेल. आवाज आणि धूळ यांचेही तेच. ब्रेकरच्या शेजारी मलबा उचलणाऱ्या आपल्या बाया-माणसांच्या हाती यंत्र नसते, पण आवाज आणि धूळ त्यांच्याही वाट्याला पुरेपूर येते. पाणी मारून कापल्यास धूळ बरीच बसते. पण मग वायर उघडी नसावी आणि शॉक लागताच लाइट तोडणारा स्विच बसवलेला असावा.

हे सर्व उपाय सांगणे सोपे आहे. खरी अडचण मजुरीच्या पद्धतीत आहे. फरशीचे काम फुटावर चालते. जितके फूट तितके पैसे. विसावा घेतला तर तो स्वतःच्या खिशातून. ठेकेदाराला काम शनिवारपर्यंत हवे असते, कारण वास्तुशांतीची तारीख ठरलेली असते. अशा वेळी दोन तासांची मर्यादा कोण पाळणार? इथे सिगालोवाद सुत्ताची आठवण होते. दीघनिकायातील या सुत्तात भगवंतांनी मालकाची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत त्यांतले अगदी पहिले हे की सेवकाला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे. मग अन्न व वेतन, आजारपणात शुश्रूषा, गोडधोडात वाटा आणि वेळेवर सुट्टी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या कोणत्याही साइटवर वाचून दाखवावी अशी आहे. आणि केवळ ठेकेदाराला नव्हे, आपल्यातील जे घर बांधीत आहेत त्यांनाही. तारखेची घाई आपलीही असते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. पुढे १९४८ चा कारखाना कायदा झाला. त्याच्या परिशिष्टातील रोगांच्या यादीत सिलिकोसिस होता, आवाजाने येणारे बहिरेपण होते, हिंगणघाट-पुलगावच्या गिरणी कामगारांना ठाऊक असलेला कापसाच्या धुळीचा बिसिनोसिसही होता. कंपाने होणारा हा रोग मात्र त्यात नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांत चाळिशीपुढील कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी मालकाने करावी अशी तरतूद आहे. चार माणसांच्या साइटपर्यंत ती कधी पोहोचेल ते पोहोचो. देवळी-भूगावकडच्या कारखान्यांत जे ठेक्यावर आहेत त्यांनी तिची मागणी जरूर करावी आणि तपासणीत हातांचा समावेश करायला सांगावे. इमारत बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात १८ ते ६० वयाच्या कामगाराची नोंदणी होते. त्यासाठी मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आपल्यातील अनेकांनी ती केलेली नाही. फरशीवाला आणि ग्रीलवाला हाही बांधकाम कामगारच आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आपल्या मंडळाकडून बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास आरोग्य शिबिर घेतले जाते. रक्तदाब आणि साखर तपासली जाते, चष्म्याचा नंबर काढला जातो. येत्या शिबिरात एक टेबल हातांसाठी मांडावे, अशी आमची सूचना आहे. कामाचा प्रकार, यंत्राचे नाव, किती वर्षे, रोज किती वेळ आणि रात्री मुंग्या येतात काय, एवढ्या पाच रकान्यांचे रजिस्टर पुरे. डोळे मिटायला सांगून बोटाच्या टोकाला कापसाचा बोळा लावायचा, बोथट सुईने दोन टोके एकदम टेकवून एक की दोन ते विचारायचे, आणि टेबलावर पाच नाणी पसरून ती एकेक उचलून डब्यात टाकायला सांगायची. ज्यांना जमणार नाही त्यांची यादी करून त्यांना सेवाग्रामला पाठवायचे. रजिस्टर भरण्याचे काम आम्ही करू.